फडावरून पडद्यावर, पडद्यावरून फडावर : नारायणगाव ते पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील तमाशा-संगीताचे स्थित्यंतर

प्रस्तावना

पुणे-नाशिक महामार्ग भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर आणि मंचर ही गावे ओलांडून जुन्नर तालुक्यातील नारायणगावी पोहोचतो. पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटरच्या या अंतरात महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील दोन भिन्न केंद्रे एकाच रस्त्याने जोडली गेली आहेत. अलीकडच्या टोकाला पिंपरी-चिंचवड व चाकण ही वाहनउद्योगाची नगरी आहे, तर पलीकडच्या टोकाला 'तमाशाची पंढरी' म्हणून ओळखले जाणारे नारायणगाव. चैत्रातील जत्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावची पंचमंडळी तेथे येऊन आपल्या जत्रेसाठी फड ठरवितात आणि सुपारी देतात. याच पंचमंडळींच्या गावांत गेल्या साठ वर्षांत कारखाने उभे राहिले, शेतजमिनीचे औद्योगिक भूखंड झाले आणि काही गावे तर महानगरपालिकेचे प्रभाग बनली.

तमाशाच्या संगीतात झालेल्या बदलांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात तक्रारीचा सूर प्रामुख्याने आढळतो. चित्रपटगीतांनी तमाशा बिघडविला, ढोलकीची जागा ऑक्टोपॅडने घेतली, लावणीची जागा उडत्या चालीच्या गाण्यांनी घेतली, असे या तक्रारीचे स्वरूप असते. ही तक्रार निराधार नाही. परंतु ती अपुरी आहे. चित्रपटाने तमाशात प्रवेश करण्यापूर्वी तमाशाच चित्रपटात गेला होता, ही बाब तिच्यात दुर्लक्षित राहते. शिवाय लावणी हा प्रकार आज लोप पावलेला नसून पूर्वी कधी नव्हता इतका सर्वदूर पसरला आहे. मग नेमके हरवले काय, हा खरा प्रश्न आहे. लावणी टिकली, परंतु ती गाणाऱ्या कंठापासून अलग झाली आणि हेच या स्थित्यंतरातील मूलभूत नुकसान होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

ढोलकी-फडाची संगीतरचना

बदल समजून घेण्यासाठी मूळ रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. ढोलकी-फडाच्या तमाशाचा आरंभ गणाने होतो. त्यानंतर गौळण, बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि शेवटी वग असा क्रम असतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि मंजिरी ही या फडाची प्रमुख वाद्ये. तुणतुण्याची एकच तार अखंड आधारस्वर धरते. ढोलकीवाला केवळ ताल देत नाही, तर गायिकेच्या शब्दांना आणि पदन्यासाला जागच्या जागी उत्तर देतो. मुख्य गायक वा गायिकेच्या मागे उभे राहणारे झीलकरी ध्रुवपदाची ओळ उंच स्वरात उचलून धरतात. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात हजारोंच्या जमावाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविण्याचे काम हीच झील करीत असे. त्यामुळे उंच पट्टीतील, खुल्या कंठाचे गायन ही तमाशाची केवळ शैली नव्हती. ती उघड्या माळावरील प्रयोगाची गरज होती.

या संगीताचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा लवचिक कालावधी. लावणीचे चौक किती गायचे, कोणती ओळ किती वेळा घ्यायची, अदा कोठे लांबवायची हे समोरच्या प्रेक्षकांच्या प्रतिसादावर ठरे. वगाची संहिताही बहुधा पूर्ण लिहिलेली नसे. कथानकाचा सांगाडा आणि पदे ठरलेली असत. संवाद नट प्रसंगानुसार रचीत. १८६५ च्या सुमारास उमाजी सावळजकर यांनी 'मोहना-बटाव' हा वग सादर केला आणि तेव्हापासून वग हा तमाशाचा कणा बनला, असे सामान्यतः मानले जाते. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांनी लावणी आणि वग या दोन्ही प्रकारांत विपुल रचना केली. रात्रभर चालणारा वग आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावात होणारी 'हजेरी' यांमुळे तमाशा हा जत्रेतील एक कार्यक्रम न राहता जत्रेचे अविभाज्य अंग ठरला होता.

तात्पर्य, या व्यवस्थेत गाणे, गाणारी व्यक्ती, वादक आणि प्रेक्षक हे एकाच जागी आणि एकाच वेळी उपस्थित असणे अनिवार्य होते. पुढील काळातील प्रत्येक बदलाने या चौघांपैकी कोणाला तरी दूर केले.

आश्रयाचे बदलते आधार

तमाशा हा पूर्वी शुद्ध होता आणि नंतर बाजारू झाला, ही मांडणी इतिहासाला धरून नाही. उत्तर पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या लावण्या बहरल्या, त्यामागे दरबारी आणि सरदारी आश्रय होता. तो आश्रय निरपेक्ष नव्हता. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात शृंगारिक लावणीचा संबंध पेशवाईतील जातिव्यवस्थेशी आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रियांच्या श्रमांवरील नियंत्रणाशी जोडून दाखविला आहे. महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांनी ही कला सांभाळली. तिचा उपभोग मात्र बहुधा इतरांनी घेतला. मूळ परंपरेची आठवण काढताना तिच्यातील ही विषमता विसरून चालणार नाही.

पेशवाईनंतर दरबाराची जागा गावाने घेतली. वर्गणीतून होणारी जत्रा हा तमाशाचा मुख्य आधार बनला. मुंबईत कापड गिरण्यांतील कामगार हा दुसरा मोठा आश्रयदाता होता. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांसाठी लालबागच्या हनुमान थिएटरसारखी नाट्यगृहे म्हणजे गावाशी जोडलेली नाळ होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० च्या दशकात याच कामगारवर्गासमोर तमाशाच्या आकृतिबंधातून राजकीय आशय मांडला. औद्योगिक श्रमिक हा तमाशाचा शत्रू नसून एकेकाळी त्याचा पाठीराखा होता, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. त्यानंतर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली आणि संहितेच्या पूर्वपरीक्षणाच्या अटीवर प्रयोगांना परवानगी मिळू लागली. या घटनेचा संगीतावर झालेला परिणाम अप्रत्यक्ष, पण दूरगामी होता. ज्या कलेचा प्राण तत्क्षणी सुचलेल्या शब्दांत होता, तिला लिखित आणि मंजूर संहितेची चौकट स्वीकारावी लागली. 'तमाशा' या शब्दाऐवजी 'लोकनाट्य' हा प्रतिष्ठित शब्द रूढ होऊ लागला. सुशिक्षित मध्यमवर्गाने हे लोकनाट्य स्वीकारले. फडावरील कलावंतांना मात्र तीच प्रतिष्ठा आपोआप लाभली नाही.

लावणी पडद्यावर

तमाशाप्रधान मराठी चित्रपटांची लाट याच सुमारास आली. १९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' प्रदर्शित झाला. त्याचे संगीत वसंत देसाई यांचे होते. होनाजी बाळा यांच्या जीवनावरील 'अमर भूपाळी' १९५१ मध्ये आला. अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटाने पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकला आणि वसंत पवार यांनी स्वरबद्ध केलेल्या त्यातील लावण्या घरोघरी पोहोचल्या. 'सवाल माझा ऐका' (१९६४), 'मल्हारी मार्तंड' (१९६५) आणि राम कदम यांच्या संगीताने गाजलेला 'पिंजरा' (१९७२) हे या परंपरेतील पुढील टप्पे होत.

या चित्रपटांनी लावणीला नवा श्रोता मिळवून दिला, हे निर्विवाद आहे. जो मध्यमवर्ग तमाशाच्या कनातीत पाऊल टाकीत नव्हता, तोच आता चित्रपटगृहात आणि रेडिओसमोर लावणी ऐकू लागला. परंतु पडद्यावर येताना लावणीत तीन बदल झाले. पहिला बदल कालावधीचा. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. अनेक चौकांची, प्रेक्षकांच्या कलाने वाढणारी लावणी आता मुखडा आणि दोन-तीन अंतऱ्यांत बंदिस्त झाली. दुसरा बदल वाद्यमेळाचा. ढोलकी कायम राहिली, किंबहुना चित्रपटांनी तिचे वैभव वाढविले. पण तिच्याभोवती व्हायोलिन, सनई, क्लॅरिनेट आणि पुढे विद्युत वाद्ये आली. झीलकऱ्यांची जागा समूहस्वराने आणि वाद्यखंडांनी घेतली.

तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा होता. पार्श्वगायनाच्या पद्धतीमुळे नाचणारी आणि गाणारी या दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या. पडद्यावर जयश्री गडकर किंवा संध्या, तर आवाज आशा भोसले किंवा उषा मंगेशकर यांचा. लावणीगायिका म्हणून सर्वाधिक कीर्ती मिळविलेल्या सुलोचना चव्हाण (१९३३-२०२२) यांचा जन्म मुंबईतला. त्या फडावर वाढलेल्या नव्हत्या. डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभ्या राहून त्या लावणी गात आणि केवळ शब्दफेकीतून शृंगार उभा करीत. त्यांची थोरवी वादातीत आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. तथापि, त्यांच्या गायनामुळे हेही सिद्ध झाले की लावणी ही फडावरील स्त्रीपासून अलग करून, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पूर्णत्वास नेता येते. सूक्ष्म हरकती आणि कुजबुजीच्या पातळीवरील शब्दही ध्वनिग्राहक टिपत असल्याने उंच पट्टीतील खुल्या गायनाची गरज उरली नाही.

महामार्ग, कारखाने आणि जत्रा

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात टेल्को, बजाज ऑटो यांसारखे कारखाने या परिसरात सुरू झाले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. १९९७ च्या हद्दवाढीत मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली अशी गावे शहरात आली. चाकण परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वाहनउद्योगाचे दुसरे केंद्र आकारास आले आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनसारख्या परदेशी कंपनीचा कारखानाही तेथे सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या सुमारे १७ लाख नोंदली गेली.

या वाढीचा तमाशावर झालेला परिणाम एकेरी नव्हता. मुंबईच्या गिरणगावात तमाशाचा आधार कायमस्वरूपी थिएटर हा होता. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात तो प्रामुख्याने गावजत्रा हाच राहिला. भोसरीपासून जुन्नरपर्यंतच्या गावांतील जत्रेचे स्वरूप ठरलेले होते. सकाळी देवाचा अभिषेक, दिवसा बैलगाडा शर्यत आणि कुस्त्यांचा आखाडा, संध्याकाळी पालखी वा छबिना आणि रात्री तमाशा. गाव शहरात विलीन झाले तरी ग्रामदैवत आणि त्याची जत्रा कायम राहिली. उलट जमिनीच्या मोबदल्याने आणि कारखानदारीशी निगडित व्यवसायांनी अनेक गावांची खर्च करण्याची ऐपत वाढविली. त्यामुळे औद्योगिकीकरणाने तमाशाची मागणी तत्काळ संपुष्टात आणली, असे म्हणता येत नाही.

बदलला तो प्रेक्षक. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, अहमदनगर, सातारा अशा विविध भागांतून आलेल्या कामगारांना एकत्र बांधणारी स्थानिक आख्याने नव्हती. नारायणगावच्या परिसरातील श्रोता वगातील पात्रे आणि शाहिरांची नावे ओळखत होता; नव्याने आलेल्या तरुण कामगाराला मात्र सर्वांना समान माहीत असलेले गाणे हवे होते. असे गाणे चित्रपटाकडेच होते. याशिवाय तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातील कामगाराला रात्रभर वग पाहणे परवडणारे नव्हते. शेतीच्या दिनक्रमावर बेतलेला करमणुकीचा प्रकार घड्याळाच्या शिस्तीत आला, तेव्हा त्याची लांबी आधी कमी झाली.

कायद्याने या प्रक्रियेला गती दिली. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये लागू झाले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास त्यांत मनाई होती. वर्षातील मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची तरतूद होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्बंधांच्या काटेकोर अंमलबजावणीवर भर दिला. नागरिकांच्या आरोग्याच्या दृष्टीने हे निर्बंध योग्यच होते. परंतु ज्या वगाचा खरा रंग मध्यरात्रीनंतर भरत असे, त्याच्या दृष्टीने ही मर्यादा निर्णायक ठरली. हाती तीन तास असतील, तर त्यांत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, असा प्रश्न प्रत्येक फडमालकासमोर उभा राहिला.

रंगबाजीचा विस्तार आणि वगाचा संकोच

या प्रश्नाचे उत्तर फडाच्या अर्थकारणाने दिले. रंगबाजीत प्रेक्षक फर्माईश करतो आणि पसंतीच्या गाण्यावर दौलतजादा देतो. सुपारीच्या रकमेखेरीज मिळणारे हे उत्पन्न कलावंतांसाठी महत्त्वाचे असते. शंभराहून अधिक माणसे, मालमोटारी, तंबू, विद्युत जनित्र आणि रंगमंचाचे साहित्य घेऊन दसऱ्यापासून वैशाखापर्यंत फिरणाऱ्या मोठ्या फडाला प्रेक्षकाची फर्माईश नाकारणे शक्य नव्हते. प्रेक्षक ज्या चित्रपटातील लावणी मागू लागला, ती फडावर येऊ लागली. नंतर लावणी नसलेली मराठी व हिंदी चित्रपटगीतेही आली. त्यांना साथ देण्यासाठी सिंथेसायझर, ऑक्टोपॅड आणि ड्रमसेट आले. रंगबाजी वाढत गेली, तर गण-गौळण उपचारापुरती उरली आणि वग आटोपशीर झाला.

एका कुटुंबाच्या उदाहरणावरून हा कालपट लक्षात येतो. नारायणगावचे भाऊ-बापू मांग यांचा फड जुन्या ढोलकी-फडाच्या परंपरेतला. भाऊंच्या कन्या विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांनी गायन, नृत्य आणि अभिनय ही तिन्ही अंगे एकाच देहात सामावलेली परंपरा उच्च पातळीवर नेली. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवरील जवानांसमोर कला सादर केली. राष्ट्रीय स्तरावरील सन्मान मिळूनही त्यांचा अखेरचा काळ आर्थिक विवंचनेत गेला. त्यांच्या निधनानंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतंत्र फड उभारून परंपरा चालविली. पण त्या वेळेपर्यंत प्रकाशयोजना, विद्युत वाद्ये आणि चित्रपटगीते ही मोठ्या फडाची गरज बनली होती. तीन पिढ्यांतील हा फरक अभिरुचीच्या घसरणीचा नसून जगण्याच्या अटी बदलल्याचा आहे.

बैठकीच्या लावणीची वाट काहीशी वेगळी होती. यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) यांच्यासारख्या गायिकांनी रागाधारित, अदाकारीप्रधान लावणी दीर्घकाळ जपली. पुण्यातील आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यातील चौफुला येथील न्यू अंबिका कला केंद्र अशा ठिकाणी संगीत बारीची परंपरा चालत राहिली आणि तेथे पेटी-तबला-ढोलकीच्या साथीने प्रत्यक्ष गायन होत राहिले. श्रोत्यांची संख्या मर्यादित आणि बैठक जवळची असल्याने तेथे कंठसंगीताला वाव मिळाला. कला टिकण्यात जागेचा आकार किती निर्णायक असतो, याचे हे द्योतक आहे.

'नटरंग' आणि त्यानंतर

जानेवारी २०१० मध्ये प्रदर्शित झालेला रवी जाधव दिग्दर्शित 'नटरंग' हा या प्रक्रियेतील महत्त्वाचा टप्पा. आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला अजय-अतुल यांनी संगीत दिले. ढोलकी आणि हलगीचा अस्सल बाज, आधुनिक ध्वनिमुद्रणाची भव्यता आणि सहज लक्षात राहणारी धून यांच्या मिलाफाने त्यातील लावण्या शहरी तरुणांपर्यंत पोहोचल्या. याच संगीतकारद्वयीने २०१६ च्या 'सैराट'साठी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. ग्रामीण महाराष्ट्राचा ताल आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचे हे मीलन लोकसंगीताच्या पॉपकडील प्रवासाचा उत्कर्षबिंदू मानता येईल.

येथे वर्तुळ पूर्ण होते. फडावरची लावणी पडद्यावर गेली. पडद्याने तिला नवे रूप दिले. आणि तेच रूप अस्सल म्हणून फडावर परतले. परत येताना मात्र ती ध्वनिमुद्रित स्वरूपात आली. पेन ड्राइव्ह किंवा भ्रमणध्वनीवर साठविलेले गाणे मोठ्या ध्वनिवर्धकांवर लावून त्यावर नृत्य करण्याचे कार्यक्रम २०१० नंतरच्या दशकात जत्रा, वाढदिवस आणि उद्घाटनसमारंभ यांत वाढले. अशा कार्यक्रमाला झीलकरी लागत नाहीत, ढोलकीवाला लागत नाही आणि वगातील सोंगाड्याही लागत नाही. काही कलावंत आणि एक ध्वनियंत्रणा एवढ्यावर तो उभा राहतो. शंभर जणांच्या फडाला अशा कार्यक्रमाशी स्पर्धा करणे कठीण आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोविड साथीमुळे जत्रा बंद राहिल्या. त्या काळात हंगामी उत्पन्नावर अवलंबून असलेले फड आणखी दुर्बल झाले.

एक तुलना

लोकसंगीत पॉपकडे झुकण्याची ही घटना केवळ महाराष्ट्रातील नाही. अमेरिकेतील कंट्री संगीताचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९२७ मध्ये ब्रिस्टल या गावी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची ध्वनिमुद्रणे झाली आणि डोंगरी भागातील गाणे ध्वनिमुद्रिकेवर आले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅशव्हिल येथील चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली यांसारख्या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार मागे सारून तंतुवाद्यांचा समूह व मृदू समूहस्वर पुढे आणला. रॉक संगीताच्या लाटेत शहरी श्रोता टिकविणे हा त्यामागील हेतू होता. पुढे प्रत्येक पिढीत परंपरावादी प्रतिक्रिया उमटली आणि पुन्हा पॉपची सरशी झाली.

वाद्यमेळ, कालावधी आणि श्रोतृवर्ग या तिन्ही बाबतींत कंट्री आणि तमाशा यांच्या प्रवासात साम्य आहे. परंतु एक मूलभूत भेद आहे. कंट्री संगीत कितीही बदलले, तरी गाणे गायकाच्या नावाने आणि आवाजाने ओळखले गेले. गायक ग्रामीण पार्श्वभूमीचा असेल, तर त्याच पार्श्वभूमीवर तो तारा बनला. तमाशाच्या बाबतीत पार्श्वगायनाची व्यवस्था आणि जातीय उतरंड या दोहोंमुळे गाणे पुढे गेले आणि गाणारी मागे राहिली. लावणीच्या लोकप्रियतेचा आर्थिक व सामाजिक लाभ फडावरील स्त्रियांपर्यंत अल्प प्रमाणातच पोहोचला. म्हणून 'परंपरा की पॉप' हा कंट्री संगीतातील वाद जशाच्या तसा येथे लागू करता येत नाही. येथील वाद चालीचा कमी आणि वाट्याचा अधिक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. तमाशा-संगीतातील बदल हा बाहेरून झालेले आक्रमण नसून फड आणि चित्रपट यांच्यातील सात दशकांहून अधिक काळ चाललेली देवाणघेवाण आहे. या देवाणघेवाणीत लावणीचा प्रसार झाला, तर वग आणि झील यांचा संकोच झाला. पुणे-नाशिक महामार्गावरील औद्योगिकीकरणाने जत्रेचा खर्च वाढविला, पण तिचा प्रेक्षक आणि तिची वेळ बदलली. सर्वांत मोठे नुकसान चालीचे किंवा वाद्यांचे नसून, प्रत्यक्ष गाणाऱ्या कलावंताच्या स्थानाचे आहे.

संवर्धनाचा विचारही याच दिशेने व्हावा लागेल. शासनाचे तमाशा महोत्सव, अनुदान आणि प्रशिक्षण शिबिरे उपयुक्त आहेत. पण ज्या कार्यक्रमात लावणी प्रत्यक्ष गायली जाते आणि ज्यात ती केवळ वाजविली जाते, त्यांच्यात भेद न केल्यास पोशाख टिकेल आणि कंठ जाईल. या बाबतीत महाविद्यालयांची जबाबदारी लहान नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात लावणी जवळजवळ हमखास असते आणि ती बहुतांशी ध्वनिमुद्रित चित्रपटगीतावरच होते. त्या एका प्रसंगी ढोलकीवाला आणि गायिका यांना मानधन देऊन बोलाविणे अवघड नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, राजगुरुनगर आणि मंचर येथील महाविद्यालयांपासून नारायणगाव एका दिवसात जाऊन परतण्याच्या अंतरावर आहे. तेथील वृद्ध झीलकरी, सोंगाडे आणि ढोलकीवादक यांच्या मुलाखती, तसेच शाहिरांच्या घरांतील हस्तलिखित बाडे यांचे संकलन इतिहास व मराठी विभागांनी संयुक्तपणे हाती घेतले, तर मोठे काम होईल. चित्रपटातील लावण्या जतन करण्यासाठी ध्वनिमुद्रिका आहेत. रात्रभर चालणारा वग आणि त्यामागची झील मात्र अद्याप काही माणसांच्या स्मरणातच उरली आहे, आणि ती माणसे आता वृद्ध झाली आहेत.